वेष्टनावरचे नाव

बीटल्स ह्या इंग्रजी वाद्यवृंदाचा विषय निघाला, की आपल्या सुशिक्षित मंडळींत दोन तट पडतात, आणि दोन्ही तट आपापल्या जागी पूर्ण समाधानी असतात. एक तट म्हणतो, ह्या चार पोरांनी आमची सतार उचलली, आमच्या रागांची मोडतोड केली, अमाप पैसा मिळविला आणि आम्हांला ठेंगा दाखविला. दुसरा तट म्हणतो, ज्यांनी साऱ्या जगाला वेड लावले ते अखेर आमच्या पायाशी येऊन बसले. हृषीकेशला गंगेकाठी त्यांनी ध्यान लावले. आपल्या संस्कृतीच्या श्रेष्ठत्वाचा ह्याहून मोठा पुरावा कोणता? धार-देवासपासून पणजीपर्यंत कोणत्याही बैठकीत बसा, ही दोनच मते ऐकू येतील. एक फिर्यादी आहे, दुसरा भाट आहे. माझा वाद दोघांशीही आहे. फिर्यादीचा दावा चुकीच्या कारणावर उभा आहे, आणि भाटाला तर आपण नेमकी कशाची स्तुती करीत आहोत ह्याचाच पत्ता नाही. खरी फिर्याद निराळी आहे. ती लहान आहे, लेखी पुराव्याने शाबीत होण्याजोगी आहे, आणि तिच्यात प्रतिवादी म्हणून बीटल्सच्या शेजारी आपल्यालाही उभे राहावे लागते. कदाचित म्हणूनच ती कोणी दाखल करीत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. लिव्हरपूल ह्या बंदराच्या गावातील हे तरुण १९६० साली ह्या नावाने एकत्र आले, हॅम्बुर्गच्या रात्रीच्या दारूगुत्त्यांतून वाजवून तयार झाले, आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये त्यांची पहिली महत्त्वाची तबकडी निघाली. १९६४ साली अमेरिका त्यांच्या ताब्यात गेली. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी तिकीट लावून शेवटचा जलसा केला, आणि त्यानंतर ते केवळ ध्वनिमुद्रणाच्या खोलीतले कलावंत झाले. ३१ डिसेंबर १९७० रोजी पॉल मॅकार्टनी ह्यांनी भागीदारी मोडण्यासाठी लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. आठ वर्षांत एवढे सगळे झाले. इतक्या थोड्या अवधीत इतकी मजल मारणारे कलावंत विरळा, हे त्यांचे संगीत न आवडणाऱ्यानेही मान्य करावे.

ह्या कारकिर्दीतील हिंदी प्रकरण जॉर्ज हॅरिसन ह्यांच्यामुळे घडले. डिसेंबर १९६५ च्या तबकडीतील 'नॉर्वेजियन वुड' ह्या गाण्यात त्यांनी प्रथम सतार छेडली. १९६६ साली ते पंडित रविशंकर ह्यांचे शिष्य झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात शिकण्यासाठी मुंबईस आले. १९६६ चे 'लव्ह यू टू', १९६७ चे 'विदिन यू विदाउट यू' आणि १९६८ चे 'दि इनर लाइट' ही त्यांची तीन गाणी आपल्या वाद्यांवर उभी आहेत. ह्यांपैकी शेवटच्याचे वाद्यसंगीत जानेवारी १९६८ मध्ये मुंबईतच मुद्रित झाले.

आता चोरीचा आरोप. चोरी होण्यासाठी मालक असावा लागतो. राग हा कोणाच्या मालकीचा? तो सातबाऱ्यावर चढत नाही, त्याचे खरेदीखत होत नाही. तो जो शिकेल त्याचा, आणि जो निभावील त्याचा. मालव्यात राहणाऱ्याला तरी हे समजावून सांगावे लागू नये. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले आणि मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकलेले कुमार गंधर्व जानेवारी १९४८ मध्ये क्षयाने जर्जर होऊन हवाबदलासाठी देवासला आले. वय अवघे तेवीस. गाण्याला वैद्यांची मनाई. पुढची पाच-एक वर्षे त्यांच्या गळ्याला काम नव्हते; कानाला मात्र होते. घराबाहेरून जाणाऱ्या बायकांची, लग्नकार्यातली, पावसाळ्यातली मालवी गाणी त्यांनी त्या काळात ऐकली, टिपली, आणि त्यांतून राग कसा उगवतो ह्याचा शोध घेतला. त्या शोधातून त्यांचे 'धुनउगम' राग जन्मले. त्यांच्या बंदिशींचा संग्रह 'अनूपरागविलास' १९६५ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे ज्या साली लंडनमध्ये हॅरिसन सतारीच्या तारा चाचपीत होते त्याच साली. देवासच्या खाटेवर आजारी गवयाने मालवणींच्या धुना घेतल्या ह्याला जर कोणी चोरी म्हणत नसेल, आणि कोणी शहाणा म्हणणार नाही, तर लिव्हरपूलच्या पोराने घेतलेल्या सुरांनाच चोरी कोणत्या न्यायाने म्हणावयाचे? दोघांच्या अधिकारात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु अधिकार कमी असणे हा अनाडीपणा होईल, गुन्हा नव्हे. कलेत घेणे हा व्यवहारच आहे. जो काहीच घेत नाही त्याच्यापाशी देण्यासारखेही फारसे नसते.

म्हणून कसोटी निराळी हवी. घेणाऱ्याने कोठून घेतले हे सांगितले काय? आणि ज्याच्या हातातून वा गळ्यातून घेतले त्याचे नाव घेतले काय? कुमारजींनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर आयुष्यभर उघड्या मैफलीत दिले. मालव्याचे ऋण त्यांनी कधी लपविले नाही. मालव्याच्या लोकधुनांचा स्वतंत्र कार्यक्रमच त्यांनी सादर केला. आता बीटल्सना ह्या कसोटीवर घासून पाहू.

१९६६ सालची त्यांची 'रिव्हॉल्व्हर' ही तबकडी घ्या. तिच्या वेष्टनावर 'लव्ह यू टू' ह्या गाण्यापाशी तबलावादक म्हणून अनिल भागवत हे नाव स्वच्छ छापलेले आहे. तसेच दुसऱ्या एका गाण्यातील फ्रेंच हॉर्न ह्या फुंकवाद्याच्या वादकाचे, अॅलन सिव्हिल ह्या इंग्रज गृहस्थाचे, नावही आहे. म्हणजे बाहेरून बोलाविलेल्या कलावंताचे नाव कसे द्यावे, हे ह्या मंडळींना ठाऊक होते.

आता पुढच्याच वर्षीची, जूनमध्ये जगभर गाजलेली 'सार्जंट पेपर' ही तबकडी घ्या. तिच्यातील 'विदिन यू विदाउट यू' ह्या गाण्यात बीटल्सपैकी हॅरिसन सोडून एकही जण नाही. दिलरुबा, तबला, तंबोरा वाजविणारे लंडनच्या एशियन म्युझिक सर्कल ह्या मंडळातून आलेले होते. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी ही त्यांची नावे. ह्यांतले एकही नाव त्या वेष्टनावर नाही. ती सर्वसामान्य श्रोत्यापर्यंत पोचण्यास जवळजवळ पन्नास वर्षे जावी लागली.

वेष्टनावर जागा नव्हती म्हणावे, तर काय काय होते ते पाहा. त्या प्रसिद्ध चित्रात श्रीयुक्तेश्वर, लाहिरी महाशय, महावतार बाबाजी आणि परमहंस योगानंद अशा चार हिंदी योग्यांचे चेहरे आहेत. गांधीजीही होते, हिंदुस्थानातील गिऱ्हाईक दुखावेल ह्या धास्तीने कंपनीच्या प्रमुखाने त्यांना काढावयास लाविले. गाण्यांचे शब्द संपूर्ण छापले आहेत. चित्राची मांडणी कोणी केली, छायाचित्र कोणी घेतले, हेही आहे. चित्रात उभे केलेले मेणाचे पुतळे कोणत्या संस्थेचे, त्या मादाम तुसाँचे नावसुद्धा आहे. मेणाच्या पुतळ्यांना श्रेय मिळाले. दिलरुब्यावर गज फिरविणाऱ्या जिवंत हातांना मिळाले नाही. आपल्या भाटांनी ज्या वेष्टनावरील योग्यांकडे पाहून छाती फुगविली, त्याच वेष्टनावरची ही गैरहजेरी त्यांच्या ध्यानात आली नाही. देव्हाऱ्यात बसविलेला योगी दिसला की आपण खूष, आणि मेहनताना घेऊन वाजविणारा जोशी दिसला नाही तरी आपण खूषच.

येथे फिर्यादी पक्ष टाळी देण्यास हात पुढे करील आणि म्हणेल, गोऱ्याने काळ्याला तुच्छ लेखले. थांबा. पुरावा तसे सांगत नाही. त्याच गाण्यात आठ व्हायोलिने आणि तीन चेलो वाजविणारे इंग्रज वादक होते. त्यांचीही नावे तेथे नाहीत. दुसऱ्या एका गाण्यासाठी चाळीस वादकांचा ताफा आला होता. तोही निनावीच गेला. उलट, जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एच्. एम्. व्ही. च्या मुद्रणालयात हॅरिसन ह्यांनी 'वंडरवॉल म्युझिक' ह्या आपल्या स्वतंत्र तबकडीचे काम केले, तेव्हा तिच्याबरोबर आपल्या वादकांची नावे छापली गेली. आशिष खाँ, महापुरुष मिश्र, शिवकुमार शर्मा ह्यांच्या ओळीत बासरीवाले एस्. आर. केंकरे आहेत, सूरबहार वाजविणारे चंद्रशेखर नारिंग्रेकर आहेत. ही शेवटची दोन नावे कोकण-गोव्याच्या वाचकाला परकी वाटणार नाहीत. तेव्हा अपमान रंगाचा नव्हता. तो भाडोत्रीपणाचा होता. जो मालक तो कलावंत, जो रोजावर आला तो सामान: अशी ही समजूत आहे. ती लंडनची खास निर्मिती असती तर मी हा लेख लिहिण्याचे कष्ट घेतले नसते. ती आपल्या घरचीही आहे.

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ म्हणून आपण जो मिरवितो, त्याचे वाद्यरचनेचे काम मोठ्या प्रमाणावर गोमंतकीयांनी केले. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट म्हणून ओळखले जाणारे अंतोनियो झेवियर वाझ, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. सूर लिपीत लिहून काढणे, कोणत्या वाद्याने कोठे शिरावे हे ठरविणे, पन्नास माणसांच्या ताफ्याला एका श्वासात आणणे, हे काम त्यांचे. पडद्यावर संगीतकार म्हणून नाव दुसऱ्याचे. ह्यांचे आले तर 'साहाय्यक' म्हणून, नाही तर नाहीच. १९७७ साली गोन्साल्विसांचे नाव देशभर प्रत्येक पोराच्या तोंडी झाले, परंतु कसे? त्यांचे व्हायोलिनचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी गुरुऋण म्हणून ते एका चित्रपटाच्या विनोदी गाण्यात गुंफले म्हणून. शिष्याचा भाव निर्मळ होता. पण ज्या धंद्यात गुरूचे नाव श्रेयनामावलीतून येऊ शकत नाही आणि विनोदी गाण्याच्या मुखड्यातून यावे लागते, त्या धंद्याने लंडनकडे बोट दाखवू नये.

हे मुंबईचे झाले. आमच्या मालव्याचे काय? पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाने संजा मांडतात आणि रोज संध्याकाळी तिची गाणी म्हणतात. लग्नात, जत्रेत, न्हाणात बायका गातात. ही गाणी आता आकाशवाणीवर लागतात, तबकड्यांतून आणि ध्वनिफितींतून फिरली, आज मोबाइलवरही वाजतात. आणि गीतकाराच्या जागी एकच शब्द लिहिलेला असतो, 'पारंपरिक'. हा शब्द वरवर नम्र आहे. व्यवहारात तो कुलूप आहे. परंपरा काही गात नाही. गाते ती कोणी एक बाई, कोणत्या तरी गावची, कोणत्या तरी वर्षी. तिने आईकडून घेतलेल्या ओळीत दोन शब्द आपले घातलेले असतात. 'पारंपरिक' म्हटले, की ती बाई नाहीशी होते आणि तिच्या जागी तबकडी काढणाऱ्याचे नाव सुखाने बसते. देवासच्या परिसरातील बायकांकडून जगाला नवे राग मिळाले हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्यापैकी एकीचे नाव सांगता येणारे आपल्यात कितीजण आहेत? हा प्रश्न कुमारजींना नाही. त्यांनी आपले काम केले. हा प्रश्न त्यांच्या मैफलीला बसलेल्या, त्यांच्यावर गौरवग्रंथ काढणाऱ्या आपल्याला आहे.

ज्या गाण्याला नाव आहे त्याची कायदा किती काळजी घेतो ते ह्याच्या शेजारी ठेवून पाहावे. हॅरिसन ह्यांच्या 'माय स्वीट लॉर्ड' ह्या गाण्याची चाल एका अमेरिकी गाण्याशी जुळली म्हणून त्यांच्यावर दावा झाला. १९७६ साली न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी ठरविले, की त्यांनी नकळत का होईना, नक्कल केली आहे. आणि पुढे १९८१ साली भरपाईची रक्कम ठरली पाच लक्ष सत्याऐंशी हजार डॉलर. नाव लागलेल्या चार सुरांची ही किंमत. बिननावाच्या चार हजार गाण्यांची किंमत शून्य.

आपला कायदाही ह्या बाबतीत फार दिवस बहिराच होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'संगीतकृती' म्हणजे छापलेली अथवा लिहून काढलेली स्वररचना. म्हणजे ज्या देशाचे संगीत गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात जाते, त्या देशाच्या कायद्याला कागदावर नसलेले गाणे गाणेच वाटत नव्हते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर ह्यांनी आपल्या निकालात खंत नोंदविली, की गाण्यात प्राण ओतणाऱ्या गायकाला ह्या कायद्याने काहीच दिलेले नाही. संसदेला ते ऐकू येण्यास १९९४ उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने लिहून काढण्याची अट गेली आणि गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचे हक्क प्रथमच कायद्यात आले. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ब घातले. त्यान्वये आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जावे असा हक्क कलावंताला मिळाला, आणि इतर हक्क विकून टाकल्यावरही हा त्याच्यापाशी राहतो. वापराच्या स्वरूपामुळेच नाव देणे शक्य नसेल तेवढाच अपवाद.

परंतु त्याच दुरुस्तीने पाठीमागच्या दाराने काय आत घेतले तेही वाचावे. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ स्वरूपाचे आहे, आणि धंद्याच्या रूढ प्रथेप्रमाणे ज्याचे नाव कोठेही दिले जात नाही, त्याला नावाच्या हक्कापुरता कलावंतच समजू नये, असे तेथे म्हटले आहे. काय हा तर्क! नाव देण्याची चाल नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून चाल पडत नाही. अन्याय पुष्कळ दिवस चालू आहे, हाच अन्यायाचा बचाव.

काही वर्षांपूर्वी आमच्या बाजूचे एक वयस्क तबलजी माझ्याकडे आले होते. एका भजनसंग्रहात त्यांनी साथ केली होती. संग्रह निघाला, त्यावर गायकाचे, निर्मात्याचे आणि चित्रकाराचेही नाव होते, ह्यांचे नव्हते. "वकीलसाहेब, पैसे मला पोचले," ते म्हणाले, "त्याबद्दल तक्रार नाही. पण नातू विचारतो, आजोबा, ह्यात तुम्ही कोठे?" मी त्यांना कलम वाचून दाखविले, नोटिशीचा मसुदा करून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "ही पाठविली तर पुढच्या वेळी मला बोलावणार कोण?" नोटीस गेली नाही. कायद्याच्या पुस्तकात हक्क असणे आणि तो मागण्याची ऐपत असणे, ह्यांत एवढे अंतर आहे. हे अंतर न्यायालय भरून काढू शकत नाही. ते समाजाच्या रीतीनेच भरून निघेल.

ह्यावर व्यवहारी माणसे विचारतात, नावाने पोट भरते काय? त्यांनी बीटल्सचाच हिशेब पाहावा. लेनन आणि मॅकार्टनी ह्यांची गाणी ज्या नॉर्दर्न साँग्ज कंपनीच्या मालकीची होती, ती कंपनी १९६९ साली त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कंपनीने गिळली, आणि १९८५ साली तो सगळा संग्रह मायकेल जॅक्सन ह्या अमेरिकी गायकाने साडेचार कोटींहून अधिक डॉलर मोजून विकत घेतला. जगातील सर्वांत यशस्वी गीतकारांना आपल्याच गाण्यांची मालकी राखता आली नाही. परंतु ह्या सगळ्या खरेदी-विक्रीत गाण्याखालचे लेनन-मॅकार्टनी हे नाव कोणाला खरवडता आले नाही. मालमत्ता हातोहात गेली. नाव जागेवर राहिले. कलावंताच्या कमाईतील न विकली जाणारी वस्तू ही एवढीच आहे. तीच आपण आपल्या साथीदारांना नाकारतो, आणि वर विचारतो की तिचा उपयोग काय.

तेव्हा माझी मागणी लिव्हरपूलकडे नाही. धार, देवास, इंदूर, पणजी, बेळगाव, जेथे जेथे आपली संगीतमंडळे आहेत, तेथे निमंत्रणपत्रिकेवर तबलजी, पेटीवाले आणि तंबोऱ्यावर बसणारे शिष्य ह्यांची नावे गायकाइतक्याच स्वच्छ अक्षरांत छापावीत. 'साथसंगत नामवंतांची' ही ओळ कायमची बंद करावी. नामवंत असतील तर नाव सांगा. जो कोणी मालवी, कोंकणी वा वऱ्हाडी गाणे मुद्रित करील त्याने गाणाऱ्या बाईला विचारून तिचे नाव, गाव आणि वर्ष टिपावे, आणि 'पारंपरिक' ह्या शब्दाच्या अगोदर ते छापावे. मैफलींची परीक्षणे लिहिणाऱ्यांनी साथीदारांना 'समर्पक साथ' ह्या दोन शब्दांत गुंडाळण्याचे सोडून द्यावे. ह्यांतल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. कायद्यात आणखी दुरुस्ती लागत नाही. सरकारी अनुदान लागत नाही.

जागा किती लागते ते मात्र मोजून सांगता येईल. 'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावर अनिल भागवत ह्या नावाने एका ओळीचा तुकडा व्यापला आहे. बारा इंचांच्या त्या चौकोनात तो तुकडा मावला, आणि तेवढ्याने बीटल्सच्या कीर्तीला काही उणे आले नाही.